टाचणीवरच्या अळ्या

दिवाळी झाली की कागलच्या पुढच्या वनखात्याच्या रानाकडेला स्वर्गीय नर्तक पक्षी येतो, हे रोहिणीला गेल्या वर्षी कळलं. पांढराशुभ्र नर, फितीसारखी लांब शेपटी. ती शिकवायची त्या शाळेला सुट्टी असली की ती एकटीच तिथं जाऊन बसायची. यंदा धाकट्या दिरानं, अनेकांतनं, मोठा कॅमेरा घेतला आणि "वहिनी, मलाबी दाखवा की" म्हणून मागं लागला. ती त्याला घेऊन गेली. सोबत त्याचा मित्र मोहित, तोही कॅमेरा घेऊन.

ओढ्याकाठच्या करंजाखाली पोचल्यावर अनेकांतनं प्लॅस्टिकचा डबा उघडला. कुबट वास आला. आत भुशात पिवळ्या अळ्या वळवळत होत्या. त्यानं एक उचलली, तिच्या अंगातून टाचणी आरपार घातली आणि फांदीत रोवली. मग दुसरी, तिसरी, चौथी. अळ्या दोन्ही टोकांनी पीळ घेत राहिल्या.

"हे काय करताय, भावजी?"

"अशा खाली पडत न्हाईत. पक्षी बरोबर उजेडात येऊन बसतोय. सगळेच करत्यात."

जैनांच्या घरातला, चातुर्मासात दिवस मावळल्यावर पाण्याचा घोटही न घेणारा हा माणूस!

मोहितनं मोबाइलवर नर्तकाचा आवाज लावला. तोच तो, पुन्हा पुन्हा. शेवटी खरा नर्तक आला. झाडीतून तरंगत फांदीवर उतरला आणि अळी टाचणीसकट ओढून गिळली. मग त्याची चोच मिटेना. मान झटकत तो फांदीवर गळा घासू लागला.

कॅमेरे खटाखट वाजत होते. "आई शप्पत, काय पोझ देतोय!" मोहित म्हणाला.

"घशात टाचणी अडकलीय त्याच्या!" रोहिणी ओरडली आणि धावली. पक्षी कसाबसा उडाला, घाणेरीच्या जाळीत शिरला. तिनं काट्यांत हात घालून शोधलं. सापडला नाही. परत येऊन तिनं उरलेल्या टाचण्या उपटल्या. बोटं चिकट झाली.

"एका पक्ष्यापायी एवढं काय? फोटो तर बघा की," म्हणत अनेकांतनं स्क्रीन तिच्यापुढं धरली. वासलेली चोच, आत काहीतरी चमकणारं. रोहिणी बाजूला जाऊन ओकली.

दुपारी तो फोटो घरच्या ग्रुपवर आला. 'नर्तक गातोय.' नातेवाइकांनी फुलं पाठवली. संध्याकाळी ऊन असतानाच सगळे जेवायला बसले, तेव्हा सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "कसा गं गातोय!"

"गात नाही तो, आई," रोहिणी म्हणाली, आणि तिनं सगळं सांगितलं.

"व्हय रं?" सासूबाईंनी विचारलं.

"अळ्या पक्षी खातोयच की," अनेकांत भात कालवत म्हणाला.

सासूबाई त्याच्या बोटांकडं बघत राहिल्या. मग त्यांनी आपलं ताट पुढं सरकवलं आणि उठल्या. अनेकांतनं आमटी मागितली. कुणी हललं नाही. त्यानं स्वतःच हात लांब करून दोन पळ्या वाढून घेतल्या आणि भुरके मारत जेवला.