चढावरचे चार थांबे

मोजणीचं चाक ओट्याला टेकवून आरेखकानं कानामागची पेन्सिल काढली आणि भिंतीतल्या गंजक्या कडीकडे कपाळाला आठ्या घालून पाहिलं.

"कडी," तो म्हणाला. "जुन्या भिंतीत एक लोखंडी कडी. यात लोकांनी थांबून बघायचं काय?"

"काका, इथं घोडे बांधायचे," त्याच्याबरोबर आलेली रेडिओ म्हणाली. "वर बुरुजावर टपाल न्यायचे ना, ते घोडे. अर्ध्या चढावर दमायचे. मग दमलेला इथं बांधायचा आणि ताजा पुढं न्यायचा. बाई सगळ्यांना या ओट्यावर बसवून सांगायच्या."

"तिला कुणी सांगितलं?"

"समोरच्या गिरणीवाल्या आजोबांनी."

"आणि आजोबांना? घोड्यांनी?"

रेडिओला हसू आलं, पण तिनं ते आवरलं. आरेखकानं तक्त्यात कडीपुढं फुली मारली. खालच्या दगडी डोणीपुढं आणि निळ्या काचेच्या खिडकीपुढं त्यानं अशाच फुल्या मारल्या होत्या. डोणीत घोडे पाणी प्यायचे म्हणे. खिडकीला सात काचा पांढऱ्या आणि एक निळी, कारण निळी बसवली त्या दिवशी काचवाल्याकडची पांढरी संपली होती. एवढीच गोष्ट. याला इतिहास म्हणायचं तर त्याच्या स्वयंपाकघरातल्या टवका उडालेल्या फरशीवरही पाटी लावायला हवी होती.

"पालिकेच्या साहेबांनी सात थांबे सांगितलेत," तो म्हणाला. "फार तर आठ. कागद केवढा, त्यावर अकरा आकडे कोंबले तर नकाशा म्हणजे नुसती मुंग्यांची रांग."

रेडिओ हे काही तिचं खरं नाव नव्हे. तिशीतली ही मुलगी जुन्या शहरात लोकांना फिरवायची, आणि एकदा बोलायला लागली की तिला बंद करायचं बटण कुठं आहे ते कुणालाच सापडायचं नाही. हे नाव तिला आरेखकाच्या बायकोनं ठेवलं होतं. पंधरा वर्षं तो रविवारचा फेरा बायकोचा होता. शेवटची चार वर्षं रेडिओ तिला बाई म्हणत तिच्या हाताखाली शिकली आणि आता तो फेरा तिच्याकडे आला होता. बायको सगळ्यांनाच नावं ठेवायची. नवऱ्याला ती फूटपट्टी म्हणायची, तेही चारचौघांत, आणि तो नाक मुरडायचा. आता तसं म्हणणारं कुणी उरलं नव्हतं आणि ते ऐकायला त्याचे कान आसुसले होते.

फेऱ्याचा पहिला नकाशा त्यानंच काढून दिला होता. वेशीची कमान, रंगाऱ्यांची गल्ली, छताचा बाजार, धान्याचं कोठार, घड्याळाचा चौक, चढाच्या पायथ्याचा जुना छापखाना, आणि चढ संपतो तिथं बुरूज. सात थांबे. घराबाहेर पाऊल न टाकता, खात्यातले जुने नकाशे समोर पसरून त्यानं तो दोन संध्याकाळीत पुरा केला होता. "एकदा तरी या ना हो माझ्याबरोबर," ती म्हणायची. "अगं, नकाशा मी काढलाय. मला तू काय दाखवणार?" हे त्याचं उत्तर ठरलेलं. पंधरा वर्षांत तो एकदाही गेला नाही.

आता पालिकेला जुन्या वस्तीचा नवा नकाशा छापायचा होता. खाली तिचं नाव येणार होतं. त्यासाठी आरेखक, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी, माळ्यावरचं चाक काढून, तेलपाणी करून बाहेर पडला होता. तिचं नाव ज्या कागदावर यायचं त्यात खोट काढायला कुणाला जागा राहू नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. आणि सातांचे अकरा थांबे कसे झाले ते त्याला काही केल्या उमगत नव्हतं.

दोघं पुढं निघाले. चाक दगडांवरून खडखडत चाललं.

बायको जाऊन अकरा महिने झाले होते. हृदय थकलंय, असं निदान झालं आणि पुढच्या तीन महिन्यांत सगळं आटोपलं. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, हे आजचं नाही, दोन-तीन वर्षांचं असणार. यांना चालताना धाप लागत असणार. आरेखक त्यांच्यावर उखडला होता. "छत्तीस वर्षं एका घरात राहतो आम्ही, मला कळलं नसतं?" असं म्हणून तो खोलीबाहेर निघून गेला होता. पुढं भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यानं एकच सांगितलं, अचानक झालं, कुणाला सुगावासुद्धा लागला नाही. ते वाक्य म्हणता म्हणता त्यानं अकरा महिने काढले होते.

शंभर मीटरवर रेडिओ पुन्हा थांबली. एका बंद घराचा दगडी उंबरा मधोमध खोलगट झिजला होता.

"इथं एक सुईण राहायची," ती म्हणाली. "रात्री-अपरात्री माणसं बोलवायला यायची आणि ती तयार होईपर्यंत या उंबऱ्यावर बसून राहायची. बसून बसून झिजला. बाई म्हणायच्या, या अख्ख्या चढावर सगळ्यात जास्त काळजी या दगडानं..."

"फुली," आरेखक म्हणाला.

या वेळी तिला हसू आलं नाही.

बुरुजाखाली एक बाक होता. तिथं बसून आरेखकानं तक्ता स्वच्छ लिहायला घेतला. छापखान्यापासून डोणी पंचावन्न मीटर, खिडकी एकशेदहा, कडी दोनशेदहा, उंबरा तीनशेदहा, बुरूज चारशेदहा. त्याचं अक्षर अजूनही छापल्यासारखं यायचं.

"आता तारखा सांग."

"कसल्या तारखा?"

"हे चार थांबे कधीपासून धरले त्या. नकाशात बदल झाला की शेजारी तारीख लिहायची असते."

"पण काका, गाळायचेच आहेत ना ते? मग तारखा कशाला?"

"गाळले तरी नोंद राहते. तिची वही दे बघू."

रेडिओनं वही छातीशी धरून ठेवली. ती वही बायकोनं अंथरुणावरून हिला दिली होती, नवऱ्याला नाही, आणि ते त्याला तेव्हा लागलं होतं. आज त्यानं नुसता हात पुढं केला. तिनं मुकाट्यानं वही त्याच्या हातात ठेवली.

बायकोचं अक्षर गोल आणि घाईचं होतं. प्रत्येक थांब्याचं पान वेगळं, वर तारीख, खाली कुणी काय सांगितलं ते. कडीचं पान साडेतीन वर्षांपूर्वीचं होतं. उंबरा आणि खिडकी त्याच्या पुढच्या वर्षीची, दोन महिन्यांच्या अंतरानं. डोणी शेवटची. त्या पानावरची तारीख बायको अंथरुणाला खिळली त्याच्या पाच आठवडे आधीची होती.

खात्यात बदल नेहमी तारखेप्रमाणे लावत. हाताला सवय होती म्हणून त्यानंही तसे लावले, आणि समोर अंतर मांडलं. दोन थांब्यांमधलं. आधी कडी नव्हती तेव्हा सबंध चढ सलग होता, चारशेदहा. कडी आल्यावर दोनशेदहा. उंबरा आणि खिडकी आल्यावर शंभर-एकशेदहा. मग डोणी आल्यावर पायथ्याशी पंचावन्न.

तो आकड्यांकडे बघत राहिला. मग त्यानं पायथ्याकडचे थांबे पाहिले. वेशीपासून छापखान्यापर्यंतच्या सपाट रस्त्यावर पंधरा वर्षांत एकही थांबा वाढला नव्हता. तिथं विणकरांची घरं होती. दीडशे वर्षांची भट्टी असलेली बेकरी होती. ते सगळं सोडून तिनं एक डोणी निवडली होती.

"सगळे चढावरच आहेत," तो म्हणाला.

रेडिओ खाली बघत होती.

"तुला माहीत होतं."

"आधी नव्हतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, बाईंना खरंच हौस आहे. त्या आधी थांबायच्या, आणि मग पुढच्या आठवड्यात आसपास विचारून गोष्ट शोधून आणायच्या. एकदा उंबऱ्यावर बसल्या आणि मला खुणेनं बोलावलं. ओठ निळे पडले होते. म्हणाल्या, तू सांग गं सुइणीचं, मला बोलवत नाहीये. मी सांगितलं. पंधरा-वीस माणसं होती काका. सगळी उंबऱ्याकडे बघत होती. बाईंकडे कुणी बघितलं नाही."

"आणि मला येऊन सांगावं असं नाही वाटलं तुला?"

"शपथ घातली होती त्यांनी."

"शपथ!"

"म्हणाल्या, यांना कळलं की त्याच दिवशी माझं फिरणं बंद. घरात बसवून ठेवतील, आणि घरात बसून मी आधी मरेन."

आरेखकाला तिच्यावर ओरडायचं होतं. डॉक्टरांवर ओरडला होता तसं. त्यानं वही मिटून मांडीवर ठेवली.

"केलंच असतं बंद," शेवटी तो म्हणाला. "हात धरून डॉक्टरकडे नेलं असतं. आज असती ती."

"हो," रेडिओ म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं. "असत्या कदाचित. मी रोज तोच विचार करते काका. रोज."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग खिशातला खोडरबर काढला आणि एकेक करून चारही फुल्या पुसल्या. कागदावर ओरखडा राहू नये म्हणून हळूहळू पुसल्या, मग चुरा फुंकून टाकला.

"अकरा राहतील," तो म्हणाला.

"साहेब ऐकतील?"

"साहेबांना मी बघून घेतो."

"आणि कागदावर जागा?"

"अक्षर बारीक काढीन."

त्या आठवड्यात त्यानं नकाशा पुरा केला. साहेबांनी कुरकूर केली, कडीवर बोट ठेवून हे काय म्हणून विचारलं, तेव्हा त्यानं टपालाच्या घोड्यांची गोष्ट सांगितली. अर्ध्यावर त्याचा आवाज इतका कापायला लागला की साहेबांनी पुढं काही न विचारता कागद ठेवून घेतला.

रविवारी फेऱ्याला येतो, असं त्यानं रेडिओला कळवलं होतं. घराजवळचा वळणाचा कोपरा मोजायचा राहिला होता, म्हणून तो चाक घेऊन नऊलाच उतरला. तो कोपरा काही नकाशात येणार नव्हता. पण नकाशा संपल्यापासून त्याला त्या कोपऱ्याशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. शेवटच्या दोन-तीन वर्षांत दर रविवारी नऊ वाजता बायको घरातून निघायची, कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाशी जायची, थांबायची आणि मागं वळून वर बघायची. चांगली दोन मिनिटं उभी राहायची. मग हात हलवायची आणि वळायची. शेजारपाजारचे चेष्टा करायचे, या वयात काय हे. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत उभ्या असलेल्या आरेखकाला ते आतून आवडायचं. आपल्याला बघायला थांबते, असं तो समजायचा. आवडायचं, पण दाखवायचं कसं हे त्याला कधी जमलं नव्हतं. तो मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटून दाखवायचा. उशीर होतोय, नीघ.

दारापासून खांबापर्यंत बासष्ट मीटर भरले. गल्लीला किंचित चढ होता, कुठल्याच नकाशात न दाखवण्याइतका. म्हणजे ती इथंही दम खायला थांबत होती, आणि तो वरून घड्याळ दाखवत होता. एका हातानं खांब धरून तो तसाच उभा राहिला. गेले चार दिवस झोपेतही तेच एक बोट त्याच्या डोळ्यांपुढं येत होतं, घड्याळाच्या काचेवर आपटणारं.

मग ती उभी राहायची तसा तो वळला आणि त्यानं वर पाहिलं.

खिडकीवर सकाळचं ऊन पडलं होतं. काच लखलखत होती आणि तिच्यात नुसतं आभाळ दिसत होतं. निघताना टेबलावरचा दिवा त्यानं चालूच ठेवला होता, पण तोही दिसेना. खुर्ची नाही, पडदा नाही. तो एक पाऊल डावीकडे सरकला, मग उजवीकडे. हाताचा आडोसा करून पाहिलं. नऊच्या उन्हात त्या काचेमागं उभा असलेला माणूस इथून कुणालाही दिसला नसता. त्याचं घड्याळ दिसलं नसतं, आपटणारं बोट दिसलं नसतं.

तिला तो कधी दिसलाच नव्हता. आणि तरी दर रविवारी, दम परत आल्यावर, तिनं हात हलवला होता.