क्लॅरिनेटमधला चाफा

आमच्या जयवंतीचं नाक असं, की वाडीत सोनचाफा खुडता खुडता ती पाचूबंदरला कुठल्या होडीत काय मासळी आली ते सांगायची. पटत नसेल तर सोडून द्या, पण लिलावाआधी कोळी तिला फोन करायचे.

गेल्या पावसाळ्यात तापानं ते नाक गेलं. चाफ्याचं फूल नाकाशी धरून म्हणायची, "कागद हुंगतेय." डॉक्टर म्हणाले, वास येईल परत, किंवा नाही येणार. चाळीस वर्षं पहाटे फुलं खुडणारी माझी बायको झाडाखाली जाईनाशी झाली. खुडायला मी.

शेजारचा फ्रेडरिक लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. तो एकदा म्हणाला, "वहिनी, वास आठवतो ना? सांगा, मी वाजवतो. वास काय, सूर काय, दोन्ही हवेतूनच येतात."

"चाफा आधी सरळ वर जातो," जयवंती म्हणाली. "मग वळतो नि घशात बसतो."

त्यानं वाजवलं.

"हा गुलाब झाला. चाफा एवढा लाजत नाय रे!"

पुन्हा वाजवलं.

"आता अगरबत्ती!"

रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर हेच. आठवड्यात मोगरा साधला, तुळस साधली. एकदा चुकून सुकट वाजली, तर गल्लीतली मांजरं गोळा झाली. चाफा मात्र येईना.

दहाव्या दिवशी जयवंती म्हणाली, "राहू दे रे. वाजवतोस छान, पन माझं नाक मेलंय." आणि तोंड फिरवून बसली.

मला ते बघवेना. क्लॅरिनेटच्या तोंडाशी रीड म्हणून एक पातळ पट्टी असते. ती वाजवण्याआधी फ्रेडरिक पेल्यातल्या पाण्यात भिजवतो. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप ते पाणी ओतलं आणि दुपारभर चाफा भिजवलेलं पाणी भरलं.

फ्रेडरिकनं फुंकर मारली. क्लॅरिनेटच्या तोंडावर मधमाश्या येऊन बसल्या. मी मोजल्या, एकेचाळीस. बेचाळिसावी जरा उशिरा आली. जयवंतीचे डोळे मिटलेले. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"थांब फ्रेडरिक. यातलं फूल शिळं हाय."

"शिळं?"

"कालचं. कडेनं काळं पडलेलं."

बोलली, आणि तिचा हात आपोआप नाकाकडे गेला. मग पदर खोचून ती चाफ्याकडे चालू लागली.

फूल शिळं होतंच. ताजी सगळी सकाळी दादरच्या फूलबाजारात गेलेली, मला झाडाखाली पडलेलंच मिळालं होतं. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. फ्रेडरिकला वाटतं, त्याचा एक सूर चुकला. तो सूर काढून टाकायला रोज संध्याकाळी वाजवत बसतो.

त्यानंतर मी पेल्याला बोट लावलेलं नाही. तरी परवा जयवंती स्वयंपाकघरातून ओरडली, "फ्रेडरिक, शिळं फूल अजून हाय!"

मी उठून पेल्यात नाक घातलं. नुसतं पाणी.