गच्चीलगतच्या खोलीची घंटा

सन एकोणीसशे सत्तावन्नच्या डिसेंबर महिन्यातील पहिल्या रविवारी, सकाळी, मुंबईत गिरगावातील खेतवाडीच्या एका गल्लीत, हेमचंद्र अजिंक्य ऊर्फ अप्पा यांनी आपल्या घराचा पुढचा दरवाजा उघडला. एरवी ते मागच्या दारानेच ये-जा करीत. पुतण्या रघुवीर आणि त्याची पत्नी सुमेधा ही दोघे दादरहून घर पाहायला येणार होती आणि तेथला दोन खोल्यांचा संसार इकडे हलवायचा की नाही, हे पाहून ठरवणार होती. नाही ठरले, तर जुना नोकर कुशाबा वारल्यापासून अप्पा जसे एकटे राहत होते, तसेच पुढेही राहणार होते.

त्या वास्तूला हवेली म्हणणे अतिशयोक्तीचे आणि नुसते घर म्हणणे अन्यायाचे. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत अप्पांच्या आजोबांनी ती बांधली, तेव्हा बिडाचे कठडे विलायतेहून बोटीने आले. आता त्यांचा रंग पापुद्र्यांनी सुटत होता. दिवाणखान्याच्या रंगीत काचांपैकी तांबड्या तेवढ्या शाबूत राहिल्यामुळे आत सकाळीच दिवस मावळल्यासारखा वाटे. खुर्च्यांवर पांढरे अभ्रे होते. एकीचाच अभ्रा बसून बसून मळला होता.

"बाहेरच्या भिंतीवर 'झालाच पाहिजे' लिहू दिलंत?" रघुवीरने विचारले.

"पोरं रीतसर विचारायला आली होती. चहा दिला. लिहून झालं तशी निघाली. मी म्हटलं, मागचीही भिंत मोकळी आहे."

सुमेधा हसली. अप्पा हसले नाहीत. त्यांनी वस्तुस्थिती सांगितली होती.

वरच्या मजल्यावर प्रत्येक खोलीत पलंगाशेजारी गोंड्याची एक दोरी लोंबत होती. ती ओढली की भिंतीतली तार ताणली जाऊन खाली स्वयंपाकघरात त्या खोलीची घंटा वाजे.

"प्रत्येकीचा आवाज निराळा. कोणी बोलावलं, ते कुशाबा न बघता सांगायचा," अप्पा म्हणाले.

"अजून वाजतात?" सुमेधाने विचारले.

"इथून ऐकू यायचं नाही. थांबा, मी खाली जातो."

कठड्याला धरून ते जिना उतरले. सुमेधाने दोरी ओढली.

"वाजली!" खालून आवाज आला. "पूर्वेची!"

तिने पुढच्या खोलीतली ओढली.

"वाजली! आईची खोली!"

दर खेपेस अप्पांचा आवाज अधिक तरतरीत होत होता. गच्चीलगतच्या शेवटच्या खोलीत मात्र ती दोरी हातात धरून थांबली. गोंडा जुना, विटलेला होता. दोरी कोरी करकरीत. भिंतीत तार जाते तेथे ताज्या तेलाचा डाग होता.

"ही आपल्यासाठी बसवलीय, अहो."

"मग हो म्हणू या?" रघुवीर हळूच म्हणाला. "जागा केवढी आहे बघ."

"तेच बघतेय. आपल्याकडे मी नुसतं 'अगं बाई' म्हटलं, तर शेजारच्या कमलाबाई झारा घेऊन दारात येतात. तुम्ही दिवसभर कचेरीत. मी इथे कोणाशी बोलू?"

"अप्पा आहेत की."

"ते त्या टोकाला, मी या टोकाला. मध्ये ही तार."

"मग तूच सांग त्यांना."

"काका तुमचे."

"शेवटची राहिली!" खालून अप्पा म्हणाले. "ओढा!"

थोड्या वेळाने सुमेधाने दोरी ओढली.

"वाजली! गच्चीलगतची!"

ती दोघे खाली आली, तेव्हा अप्पा स्वयंपाकघरात, ओळीने टांगलेल्या पितळी घंटांखाली मान वर करून उभे होते. शेवटची घंटा अजून किंचित हलत होती.

"मग, कोणती खोली घेताय?" त्यांनी घंटेवरची नजर न काढता विचारले.

रघुवीरने सुमेधाकडे पाहिले. ती जमिनीकडे पाहत होती.

"घर चांगलं आहे, अप्पा," तो म्हणाला. "आम्ही येणार नाही."