स्क्रूवरची दुसरी रेघ

पांढऱ्या चादरीवर भाचीने शेवटचा वॉशर ठेवला आणि वहीत आकडा लिहिला. एकशे सत्तावीस. त्यात एक्केचाळीस स्क्रू, अकरा दातेरी चाके, डब्यात गुंडाळलेली एक पोलादी स्प्रिंग, सुकून कडक झालेला चामड्याचा पट्टा, अभ्रकाचा पडदा, नीलमण्याच्या टोकाची सुई, पत्र्याचा कर्णा आणि मेणाच्या पाच नळ्या. पाचांपैकी तीन फुटलेल्या, चौथीवर बुरशी. पाचवी धड होती. मेलेली झुरळे दोन निघाली. ती तिने मोजली, पण बेरजेत धरली नाहीत.

"माझं जेवायचं टेबल मला परत कधी मिळणार?" आत्याने दारातून विचारले.

"हे सगळं पुन्हा आत गेलं की."

"आणि एखादा भाग उरला तर?"

"तर मी मोजायला चुकले."

"बापावर गेलीस," आत्या म्हणाली. "तोही कधी चुकत नाही, नुसता मोजायला चुकतो."

तिचे बाबा, म्हणजे आत्याचे दादा, खिडकीशी पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटले, पण वर पाहिले नाही.

बाबा-आत्याच्या थोरल्या काकांचे घर रिकामे करताना माळ्यावर हा फोनोग्राफ सापडला आणि एका खोक्यातून आत्याकडे आला. तबकडीच्या ग्रामोफोनच्या आधीचे हे यंत्र. चावी दिली की मेणाची नळी फिरते, आणि सुई तिच्या खाचांतून आवाज उचलते. शिवाय सुई बदलून कर्ण्यात बोलले, तर तेच यंत्र कोऱ्या मेणावर आवाज कोरूनही घेते. आत्याचे आणि बाबांचे वडील, ज्यांना दोघे अण्णा म्हणत, शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी एका जुन्या गाण्याच्या नळीवरचे मेण तासून गुळगुळीत केले होते आणि तिच्यावर घरातला आवाज घेतला होता. अण्णा गेले तेव्हा बाबा सात वर्षांचे होते, आत्या चार. त्यांचा आवाज दोघांनाही आठवत नव्हता. ही नळी तेवढी उरली होती.

तिच्यावर काय आहे ते भाचीला लहानपणापासून पाठ होते, कारण त्यावरून घरात भांडण होते. आधी एक टिंग असा नाद. मग अण्णांचा बारीक, किनरा आवाज: "हं, म्हण." मग एक लहान मूल सतराचा पाढा म्हणते, मध्येच अडते, हसते. ते मूल आपण, असे बाबा म्हणत. आपण, असे आत्या म्हणे. सुट्टीत थोरल्या काकांकडे गेले की नळी वाजायची, आणि त्यावर भांडण पेटायचे.

"चार वर्षांच्या मुलीला सतराचा पाढा येतो होय?" बाबा म्हणत. ते जन्मभर एका वकिलाकडे कारकून होते. पुराव्याशिवाय त्यांना पाणीसुद्धा पचत नसे.

"मला येत होता. तुला तर अजून येत नाही."

"मग म्हणून दाखव, ठमे."

"मी का दाखवू? तिथे दाखवलाय की."

दोघांनी आपल्या आईला एकदाच विचारले होते. ती नळी वाजायला लागली की आई नेमकी उठून आत जायची, काही ना काही काम काढून. तिने कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाली, "तुमचं तुम्ही ठरवा." आईला जाऊन आता चाळीस वर्षे झाली होती, आणि त्यांचे ठरले नव्हते.

भाची मोजमापाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. लोकांचे तराजू, दाबमापक आणि घड्याळे खरे बोलतात की नाही, हे तपासून दाखला देणे हे तिचे काम. आत्याने तिला म्हटले होते, "तूच काय तो निकाल लाव. दादाला दाखल्याशिवाय पटत नाही."

दुसऱ्या दिवशी तिने मोटर, स्प्रिंग आणि धड नळी घड्याळजीकडे नेली. जिन्याखालचे दुकान, आत दोन माणसे बसली तर तिसऱ्याने वाकून बोलायचे. घड्याळजीने स्प्रिंगच्या डब्याला आधी दोरी बांधली, मग झाकण काढले.

"हिला सुटू दिलं तर डोळा घेऊन जाते," तो म्हणाला, आणि तासभर डब्यावर वाकून राहिला. स्प्रिंग हळूहळू उलगडून, रॉकेलने पुसून, त्याने जमिनीवर सरळ धरली तेव्हा भाचीने टेप लावली. तीन मीटर चाळीस. एकही भेग नव्हती. शंभरेक वर्षांपूर्वी कुणीतरी हे पोलाद इतक्या सबुरीने तापवून निववले होते की ते अजून आपला ताण विसरले नव्हते.

घड्याळजीने एक चाक चिमट्यात धरून उजेडात फिरवले. "ज्यानं हे दाते कापले ना, तो आत्ता इथं येऊन बसला तर मी तोंड उघडणार नाही. नुसता चहा मागवीन."

यंत्राच्या वयाचा प्रश्न फार अवघड नव्हता. पितळी पट्टीवर पेटंटच्या तारखांची रांग होती आणि शेवटची तारीख १९०६ ची. म्हणजे यंत्र त्याआधीचे नाही. पेटीच्या तळाशी दुरुस्तीच्या दुकानाची एक चिठ्ठी चिकटवलेली होती: "तेलपाणी करून गती कारखान्याच्या मापावर आणली, १९६३." अण्णा १९६२ साली गेले. ते गेल्यावर थोरल्या काकांनी यंत्र नेऊन दुरुस्त करून घेतले असणार.

गतीचे काम गव्हर्नरकडे. शिशाचे तीन गोळे गरगर फिरतात आणि यंत्राला ना पळू देतात ना रेंगाळू. किती वेगाने फिरायचे ते एका स्क्रूवर ठरते. स्क्रूच्या डोक्याखाली कारखान्याची एक ठळक खूण होती. त्यापासून पाऊण फेरा मागे आणखी एक रेघ होती, केसासारखी.

"ही कुणा अडाण्याची," घड्याळजी म्हणाला. "पकड निसटली असेल."

मग त्याने डोळ्याला भिंग लावले. बराच वेळ लावून ठेवले.

"माझे शब्द मागे," तो म्हणाला. "ही कानशीनं मारलीय. तीन घावांत. बरोब्बर मध्यावर. पकड अशी निसटत नाही."

भाचीनेही भिंगातून पाहिले. रेघेत जुने ग्रीस वाळून काळे घट्ट झाले होते. त्याच्यावर दुसरा थर पिवळा, मऊ. पिवळे ग्रीस कारखान्याच्या खुणेवरही होते. काळे मात्र फक्त रेघेत. तिने वहीत लिहिले: पिवळे १९६३ चे. काळे त्याखाली. रेघ दोन्हींच्या आधीची, म्हणजे अण्णांच्या काळची.

"नळी किती वेळा वाजेल?" तिने विचारले.

घड्याळजीने नळी आतून दोन बोटांवर तोलून धरली आणि खाचांवरून तिरका उजेड टाकला. "मेण मऊ आहे आणि वाजवून वाजवून घासलंय. सुई दर खेपेला थोडं खरवडून नेणार. एकदा देईल. दुसऱ्यांदाचं मी सांगत नाही."

रविवारी सकाळी एकशे सत्तावीस भाग परत आत गेले. काही उरले नाही. चामड्याचा पट्टा नवा कापला होता. बाकी सगळे जुनेच. घड्याळजी न बोलावता आला, "जरा बघून जातो" म्हणून दाराजवळच्या खुर्चीत बसला. भाचीने नळी चढवली, कडेला कागदाचा कपटा चिकटवला आणि घड्याळ लावून फेरे मोजले. कारखान्याच्या खुणेवर मिनिटाला एकशे साठ. दुसऱ्या रेघेवर एकशे वीस.

मग कारखान्याच्या खुणेवर सुरुवातीचे फक्त दहा फेरे तिने वाजू दिले. टिंग. मोबाइलवर कंपनांचा आकडा आला: सेकंदाला ३४१. तिने सुई उचलली.

"घंटा आहे ती," आत्या म्हणाली.

"घंटेचा नाद इतका शुद्ध नसतो. नादकाटा आहे. शाळेच्या पेटीत आठ असतात, त्यातला एक तीनशे एक्केचाळीसचा."

"झालं तर मग," बाबांनी चष्मा पुसला. "कारखान्याचा आकडा, दुकानाची चिठ्ठी आणि तुझा हा काटा. तीन साक्षीदार. लाव."

"थांबा, बाबा. एकशे वीसवर हाच नाद दोनशे छप्पन्न येतो. आणि दोनशे छप्पन्नचा काटाही त्याच पेटीत असतो. पहिलाच."

भाचीने वही बंद केली.

"दोन्ही जमतात," ती म्हणाली. "मेणाला एकच खेप शिल्लक आहे. मोबाइलवर मी ते घेईन, नंतर हवं तसं हळू-जलद करून ऐकवता येईल. पण कर्ण्यातून जे येईल ते एकदाच. चुकीच्या खुणेवर लावलं तर तुम्ही लहानपणी ऐकलेलं परत कधी ऐकू येणार नाही. हळू लावलं तर पोराचा आवाज जाड येईल. मग तो दादाचा की ठमीचा, कुणालाच सांगता येणार नाही."

"म्हणजे निकाल नाहीच," बाबा म्हणाले.

"अण्णा हळू का फिरवतील?" आत्याने विचारले.

"हळू फिरवलं की तेवढ्याच मेणावर जास्त वेळ मावतो."

"आणि रेघ कशाला मारतील?"

उत्तर घड्याळजीने दिले. "परत तिथंच यायला, बाई. माणूस खूण करतो ती त्याचसाठी. आणि इतकी नीट करतो, ती दुसऱ्या कुणाला यायचं असेल म्हणून."

आत्याने दादाकडे पाहिले. बाबा पेटीच्या तळाच्या चिठ्ठीकडे पाहत होते. मग त्यांनी हाताने, कोर्टातल्या फाईली सरकवाव्यात तसे, हवेत काहीतरी बाजूला केले.

"रेघेवर लाव," ते म्हणाले. "साठ वर्षं दुकानाचं ऐकलं."

भाचीने स्क्रू पाऊण फेरा मागे घेतला. रेघ चौकटीवरच्या खाचेसमोर आली तेव्हा नखाचे टोक मावेल इतकाही फरक नव्हता. तिने चावी भरली, मोबाइल कर्ण्यासमोर ठेवला, आत्याने पंखा बंद केला. सुई टेकली.

मेणाची खरखर. टिंग. नाद आता खालचा, गोल होता आणि बराच वेळ विरत राहिला. भाचीने आकडा पाहिला: २५६. तिला तो वाचून दाखवायचा होता, पण तेवढ्यात कर्ण्यातून एक पुरुष बोलला. आवाज भरदार आणि संथ होता, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत न ओरडता जाणारा.

"हं, म्हण."

बाबांचा हात खुर्चीच्या दांड्यावरून सुटला. हा माणूस त्यांना अनोळखी होता.

"सतरा एके सतरा," दुसरा आवाज म्हणाला. "सतरा दुणे चौतीस."

ते लहान मूल नव्हते. आवाज बाईचा होता, तरुण, काळजीपूर्वक पाऊल टाकणारा. एकेक आकडा हातात घेऊन, तपासून मग खाली ठेवणारा. त्यात लाज होती आणि लाजेवर मात करण्याची घाई होती.

आत्याने चौतीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. नुसत्या हॅलोवरून ती माणूस ओळखायची. तिने उजवा तळवा कानावर दाबला, तिथे जणू अजून हेडफोन होता.

"सतरा त्रिक एकावन्न. सतरा चोक अडुसष्ट. सतरा पाचे पंच्याऐंशी. सतरा सक..."

आवाज अडला. मग हसला, घशातल्या घशात, आणि हसता हसता कुठेतरी भांडे बाजूला सरकल्याचा आवाज आला.

"पुन्हा?" बाईने विचारले.

"पुन्हा," पुरुष म्हणाला. त्याच्याही आवाजात हसू होते.

बाबा उभे राहिले. कुणी मोठे माणूस खोलीत आल्यावर मुले उभी राहतात तसे, हात बाजूला धरून. घड्याळजीने खाली, स्वतःच्या बोटांकडे पाहिले.

दुसऱ्या खेपेला ती सक्याला अडली नाही. "सतरा सक एकशे दोन," ती म्हणाली, जरा मोठ्याने. सत्तेही आले, अठ्ठेही आले. नव्वे म्हणताना मेण संपले आणि सुई कोऱ्या कडेवर खरखरत राहिली. भाचीने ती उचलली.

"आईला पाढे येत नव्हते," बाबा म्हणाले. ते अजून उभेच होते. "ती शाळेतच गेली नव्हती. माझी उजळणी घ्यायला बसायची तेव्हा पुस्तक समोर धरायची फक्त."

"उलटं धरलं होतं का कधी?" भाचीने विचारले.

बाबांनी विचार केला. "नाही."

आत्याने कानावरचा हात काढला आणि टेबलावर ठेवला, यंत्राच्या लाकडाला चिकटून. तिचे ओठ हलत होते. सतरा सक, सतरा सत्ते.

"मेण पुन्हा लावायचं?" घड्याळजीने हळूच विचारले.

"नको," दोघे भावंडे एकदमच म्हणाली.

थोड्या वेळाने बाबा खाली बसले.

"किती वेळ होती आई?"

भाचीने मोबाइलवर सुरुवात आणि शेवट लावून पाहिला. खात्री करण्यासाठी पुन्हा एकदा लावून पाहिला.

"अठ्ठेचाळीस सेकंद," ती म्हणाली.