साडेसातचा स्विंग

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या नवऱ्याने गोल्फ खेळायला सुरुवात केली. मैदान, चेंडू आणि सोबतचे खेळाडू एवढ्या किरकोळ गोष्टी सोडल्या तर त्याची तयारी पूर्ण होती.

झालं असं होतं की रविराजचा एक वर्षाचा करार एप्रिलअखेर संपत होता. पुढे कायमचा करार देणार की नाही, हे कंपनीला मार्चअखेरपर्यंत कळवावं लागणार होतं. दिला नाही, तर तीन महिन्यांत दुसरी नोकरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं. माझा राहण्याचा परवाना त्याच्या परवान्याला जोडलेला, त्यामुळे माझी प्रयोगशाळेतली नोकरी आणि बेस्ट नावाच्या या डच गावातलं भाड्याचं घरही त्याच सामानात. अशा वेळी त्याचा साहेब मार्टाइन याने जेवणाच्या सुट्टीत सहज विचारलं, "गोल्फ खेळतोस का?" आणि रविराज म्हणाला, "हो, पुण्यात असताना खेळायचो."

पुण्यात असताना तो येरवड्याच्या गोल्फ मैदानावरून स्कूटरने जायचा. मैदानाच्या बाहेरून.

"मग अठ्ठावीस मार्चला ये आमच्याबरोबर," मार्टाइन म्हणाला.

घरी येऊन रविराजने मला समजावलं की असे निर्णय ऑफिसात होत नाहीत, ते मैदानावर होतात. त्याने वर्षभर लिहिलेल्या कोडला यात काही स्थान आहे का, असं मी विचारलं. "तू रिसर्चवाली आहेस. तुला कॉर्पोरेट कळत नाही," असं उत्तर मिळालं. ते खरं आहे. मी भिंगांचे पृष्ठभाग मोजते. मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी आमच्याकडे बैठक बसते.

त्याने ऑनलाइन एक जुनी काठी घेतली, सात नंबरची. जेवणाचं टेबल भिंतीला सरकवलं. पहिल्याच दिवशी छताचा दिवा फुटला. पुढच्या अडीच महिन्यांत त्या काठीचा कशालाही झालेला तो एकमेव स्पर्श.

रोज संध्याकाळी साडेसातला सराव. व्हिडिओ खालून घेतला की मनगट नीट दिसतं, असं त्याने यूट्यूबवर ऐकलं होतं. म्हणून मी फोन घेऊन जमिनीवर बसायचे. चेंडू जिथे असायला हवा, त्याच्या दोन मीटर पुढे. हे अंतर मी ठरवलं होतं आणि टेपने मोजलं होतं.

"कसा झाला?" तो विचारायचा.

"काय कसा झाला?"

"अगं, शॉट!"

"चेंडू कुठे पडला ते सांग, म्हणजे सांगते."

"अगं मैत्री, प्लीज. काठीचा स्विंग बरोबर असला की चेंडू आपोआप जातो."

"मग एक चेंडू आणू या ना. गावाबाहेर सरावाची जागा आहे. बादलीभर चेंडू देतात."

"आत्ता नको. आत्ता चेंडू आणला तर स्विंग बिघडेल."

प्रयोग केल्याने बिघडणारा सिद्धान्त मी प्रथमच पाहत होते. त्याचा निकाल मात्र उत्तम होता. फेब्रुवारीअखेर रविराजने साधारण दोन हजार फटके मारले होते आणि त्यातला एकही चुकला नव्हता.

आमच्या बैठकीच्या खोलीची खिडकी रस्त्याकडे आहे, कमरेच्या उंचीपासून वर. तिला पडदे नाहीत. हाही रविराजचाच निर्णय. "इथले लोक पडदे लावत नाहीत. आपणच लावले तर वाटेल, काहीतरी लपवतोय." खिडकीत त्याने दोन सारख्या कुंड्यांत दोन सारखी ऑर्किडं ठेवली होती, गल्लीतल्या प्रत्येक खिडकीत असतात तशी. आम्ही इथल्या समाजात किती मिसळलो आहोत, हे त्या ऑर्किडांवरून कोणालाही दिसलं असतं. बाकीचंही दिसतच होतं.

सामन्याच्या तीन दिवस आधी, बुधवारी, बरोबर आठला बेल वाजली. दारात दोन पोलीस होते. त्यातली बाई आमच्या वस्तीची पोलीस होती, आनेके नावाची. तिने फार सौम्यपणे हसून विचारलं, "आम्ही दोघांशी वेगवेगळं बोललो तर चालेल?"

रविराज काठी हातात धरून उभा होता. दुसऱ्या पोलिसाने ती त्याच्याकडून तितक्याच सौम्यपणे काढून घेतली.

आनेके मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि तिने दार लोटलं. "तुम्ही या घरात सुरक्षित आहात का?"

"दिव्यापेक्षा जास्त," मी म्हणाले. तिला विनोद कळला नाही. ती वाट पाहत राहिली.

तिने वहीच्या पानाचा एक फोटो मला दाखवला. समोरच्या घरातल्या कोणीतरी टिपणं केली होती. तारीख, वेळ, निरीक्षण. साडेसात: बाई खाली बसते, दिसेनाशी होते. सात बत्तीस: माणूस काठी उगारतो, खाली मारतो. मग पुन्हा. आणि पुन्हा. सात पन्नास: बाई उठते. तीन आठवडे, एकही दिवस न चुकवता. अकरा मार्चच्या ओळीखाली दोन रेघा होत्या: आठ दहापर्यंत बाई उठलेली नाही.

मी ते पान दोनदा वाचलं. आमच्या प्रयोगशाळेत इतकी स्वच्छ नोंदवही मी पाहिलेली नाही. निरीक्षणं अचूक, निष्कर्ष तेवढा चुकला होता, आणि त्यात निरीक्षकाचा काही दोष नव्हता. त्या खिडकीतून मीही हाच निष्कर्ष काढला असता.

"अकरा तारखेला फोनचं चार्जिंग संपलं होतं, तो लावून मी प्लगजवळ खालीच बसून राहिले होते," मी म्हणाले आणि तिला व्हिडिओ दाखवले. माझ्याकडे एकशे चाळीस होते. तिने सहा पाहिले. सहाव्याला तिने ओठ दाबून धरले.

बाहेर आलो तेव्हा रविराज सोफ्याच्या कडेवर बसला होता. चेहरा पांढराफटक. "मैत्री, तू काय सांगितलंस?"

"जे आहे ते."

दुसरा पोलीस काठी उलटसुलट करून पाहत होता. तो स्वतः गोल्फ खेळणारा निघाला. "कुठल्या मैदानावर जाणार आहात शनिवारी?" रविराजने नाव सांगितलं. "अच्छा. तिथे दारातच कार्ड बघतात. कार्ड आहे ना?"

"कसलं कार्ड?"

"परवान्याचं. त्याशिवाय त्या मैदानावर खेळू देत नाहीत. त्याची परीक्षा असते." मग घाईने पुढे म्हणाला, "सोपी असते तशी. पण चेंडू मारावा लागतो."

ते गेल्यावर रविराजने काठी कोपऱ्यात उभी केली. मग म्हणाला, "आता काय करायचं?"

"मार्टाइनला खरं सांग."

"तो म्हणेल, हा माणूस खोटं बोलतो. आणि करार गेला. तुझी नोकरीसुद्धा."

"माझी नोकरी अडीच महिने त्या काठीला टांगलेली आहे, रवी. रोज साडेसातला मी खाली बसून तीच बघत असते."

हे मी मोठ्या आवाजात म्हटलं नव्हतं. पण त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बहुधा मी व्हिडिओ घेत नसताना प्रथमच.

त्याने मार्टाइनला निरोप लिहिला. चार वेळा खोडला, पाचव्यांदा पाठवला: मी कधीच गोल्फ खेळलेलो नाही, खोटं बोललो, माफ कर. उत्तर यायला अकरा मिनिटं लागली. "हाहा. ये तरीही. माझी बॅग ओढ."

दुसऱ्या दिवशी मी समोरच्या घरी गेले. मेव्ह्राऊ डेकर, म्हणजे डेकरबाई, निवृत्त परिचारिका, पंचाहत्तरीच्या आसपास. मी कोथिंबीरवड्या नेल्या होत्या. तिने डबा घेतला, आत बोलावलं आणि माफी अजिबात मागितली नाही.

"पुन्हा असं दिसलं तर पुन्हा फोन करीन," ती म्हणाली.

"करा," मी म्हणाले.

"आणि एक सांगते. मधेमधे जरा उभ्या राहत जा. मला कळू दे."

या गावात आम्हाला अकरा महिने झाले होते. मी उठले की नाही याची चौकशी तोवर कोणी केली नव्हती. मी चहा प्यायले आणि घरी आले.

शनिवारी रविराजने अठरा होल मार्टाइनची बॅग ओढली. पाऊस होता, वारा होता. संध्याकाळी तो बुटांत चिखल आणि चेहऱ्यावर विलक्षण समाधान घेऊन परतला.

"अगं, मार्टाइनला काही येत नाही! नऊ चेंडू हरवले त्याने. सहा मी खाडीसारख्या त्या चरातून शोधून दिले. आणि सगळ्यांनी मला स्विंग करून दाखवायला लावला. बिनचेंडूचा. मैत्री, सगळ्यात चांगला स्विंग माझा होता. ते स्वतः म्हणाले!"

"चेंडू ठेवून एकदा मारलास का?"

"मारला ना."

"मग?"

"गवत चांगलं उडालं."

सोमवारी पत्र आलं. कायमचा करार. रविराजने मला उचलून धरलं, आईला फोन लावला, मग पत्र पुन्हा वाचलं. "बघ. मी म्हटलं होतं. असे निर्णय मैदानावर होतात."

मी पत्र हातात घेतलं. वर तारीख होती. सोळा मार्च.

"रवी, हे सोळाला लिहिलंय. पोलीस आले पंचवीसला. मैदानावर गेलास अठ्ठावीसला. तुझ्या साहेबाने तुला ठेवायचं ठरवलं तेव्हा तू बॅग ओढलेली नव्हतीस आणि खरंही सांगितलेलं नव्हतं. तुझा कोड बघून ठरवलंय त्याने."

त्याने तारखेवर बोट ठेवून पाहिलं. मग त्याचा चेहरा उजळला.

"पण स्विंग तर जानेवारीपासून चालू होता ना?"

मी भौतिकशास्त्रात पीएचडी केली आहे. मी उठून फोन चार्जिंगला लावला.

टेबल अजून भिंतीलाच आहे. परीक्षा जूनमध्ये आहे आणि चेंडू आणल्याने स्विंग बिघडण्याचा धोका अजून टळलेला नाही. साडेसातला मी फोन घेऊन खाली बसते. दर पाच मिनिटांनी उठते, ऑर्किडांच्या वरून हात हलवते. समोरच्या खिडकीत मेव्ह्राऊ डेकर चहाचा कप वर करते आणि वहीत काहीतरी लिहिते.