ट्रान्सफॉर्मरचा सा

अकरा वर्षांत आमच्या बँडच्या नावावर चार कॅसेटी आणि दोन पोलीस तक्रारी जमा झाल्या. ताई गायची, दाजी पत्रे बडवायचे आणि मी विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करणारा, म्हणून भंगारातून जोडलेला सिंथेसायझर माझ्याकडे. तालीम दाजींच्या वेल्डिंगच्या दुकानाखाली, तळघरात. ऐकायला पंधरावीस जण यायचे. त्यातले दोघे आवाज कमी करा म्हणून भांडायला आले होते, ते तिथेच रमले.

तळघरातला जुना ट्रान्सफॉर्मर सतत घुमायचा. आम्ही त्यालाच सा मानला आणि सगळी गाणी त्यावर बांधली. नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणत. आमचं अंगण खरंच वाकडं होतं, आणि आम्ही त्यातच नाचायला शिकलो.

पुढे तो ट्रान्सफॉर्मर ताईची गरज झाला. वीस वर्षं कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेस मशीनवर काढून तिचे कान गेले. ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवर तळहात ठेवून ती सूर धरायची. हे कुणाला सांगायचं नाही, अशी तिनं आम्हाला शपथ घातली होती.

मग एका मोठ्या सभागृहाचं बोलावणं आलं. ट्रान्सफॉर्मर हातगाडीवर घालून नेला.

"हे धूड कशाला?" साउंडवाला म्हणाला. "किती घुमतंय."

"ते आमचं वाद्य आहे."

त्यानं मान डोलावली. मला वाटलं, पटलं.

दाजींनी पहिला घण घातला. ताईनं पेटीवर हात ठेवला आणि तोंड उघडून तशीच उभी राहिली. त्या भल्या माणसानं आमच्यावर उपकार म्हणून प्लग काढून ठेवला होता. कुणीतरी हसलं. मला साउंडवाल्याची मानगूट धरून सगळं सांगावंसं वाटलं, पण शपथेनं माझं तोंड शिवलं होतं.

ताई माइकपाशी गेली.

"मला ऐकू येत नाही," ती म्हणाली. "तुमच्या घरातल्या डब्यांची झाकणं कापता कापता माझे कान गेले. हा हाताखाली घुमला तरच मी गाते. ज्यानं बंद केला त्यानं चालू करावा. तोवर मी इथून हलत नाही."

साउंडवाला मान खाली घालून आला. प्लग लागला. ताईनं पेटीवर हात ठेवला.

"याला माइक लाव," ती त्याला म्हणाली. "शेवटच्या रांगेतल्या खुर्च्या हलल्या पाहिजेत."

पुढच्या दोन रांगा उठून गेल्या. आम्ही गाणं पहिल्यापासून घेतलं.