जिथे गिरमिट उतरतं

माझ्या भाचीला तिच्या खात्याने एक साधं काम दिलं होतं. माळावर पाच भोकं पाडायची, माती किती खोल आहे ते मोजायचं, जुन्या नकाशाशी ताडायचं आणि दुपारी तीनपर्यंत सही करायची. धरणाखाली घरं गेलेल्या साठ कुटुंबांना दुसऱ्या दिवशी तिथे जमीन वाटायची होती. नकाशात मातीची खोली एकशे दहा सेंटिमीटर होती. एवढ्या मातीत फळझाडं लागतात, सांडपाणी जिरतं, माणसं टिकतात. तो नकाशा एकवीस वर्षांपूर्वी मी केला होता.

"मामा, तू चलच," ती म्हणाली होती. "तुझ्या नकाशावर माझी पहिली सही! आई तर आत्तापासून सगळ्यांना सांगत सुटली आहे."

मी तीन सबबी सांगितल्या: गुडघा, डोळे आणि पुन्हा गुडघा. तिने एकही चालू दिली नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. आदल्या रात्री मला जेवण गेलं नव्हतं.

खोदायला आलेला माणूस त्या साठांपैकीच एक. अंगाने वाळकुडा, पण पहार अशी उचलायचा की सगळे त्याला पहारवालाच म्हणत. पाच वर्षं तो बायकामुलांसह पत्र्याच्या शेडमध्ये राहत होता. जीपमधून उतरल्या उतरल्या त्याने मला हात धरून एका टेकाडापर्यंत नेलं. "इथून तिथपर्यंत माझा तुकडा, साहेब. पाणी बेताचं आहे, पण माती खोल आहे म्हणतात. तुम्हीच मोजली होती ना?"

मी मान हलवली. तिचा अर्थ त्याने हवा तो घेतला.

भाचीने पहिल्या भोकाला हात घातला. गिरमिट म्हणजे लांब लोखंडी दांडा, खाली मळसूत्री पातं आणि वर आडवी मूठ. मूठ फिरायला लागली तशी तांबूस, खडेमिश्रित माती वर आली. दहा, वीस, तीस. अडतीसवर कर्रकन आवाज झाला आणि मूठ फिरेना. पहारवाल्याने भोकात पहार मारली. ठण् झालं आणि टोकाला पांढरी भुकटी लागून आली.

"दगड," ती म्हणाली आणि चार पावलं सरकली.

तो दगड नव्हता. कमी पावसाच्या उंच माळांवर अनेक ठिकाणी हे असतं. वर हातभर माती आणि तिच्याखाली चुन्याने सांधलेला, सिमेंटसारखा सलग थर. आम्ही आपसांत त्याला तवा म्हणायचो. पाऊस पडला की पाणी तव्यावर अडतं, चार दिवस घोटाभर चिखल होतो आणि मग उन्हात सगळं खडखडीत वाळतं. झाडाचं मूळ तव्याला टेकलं की आडवं वळतं. दोन वर्षं झाड हिरवंगार दिसतं, तिसऱ्या उन्हाळ्यात जातं. हे सगळं मला तोंडपाठ होतं, आणि मी बाटलीतून घोटघोट पाणी पीत उभा होतो.

दुसरं भोक एकेचाळीसवर अडलं. तिसरं छत्तीसवर.

भाचीच्या तळहाताला फोड आला होता. "मामा, माझंच काहीतरी चुकतंय. तुझ्या वहीत तर एकही अडलेलं भोक नाही."

"ऊन फार आहे. जरा बस," मी म्हणालो. एवढंच सुचलं मला. स्वतःचीच लाज वाटली.

ती कसली बसते! आमच्या घराण्यात बसायचं असतं तेव्हा कुणी बसत नाही. ती माळ धुंडाळत निघाली आणि एका काळ्या पडलेल्या खुंटाशेजारी तिने गिरमिट टेकवलं. तो खुंट मी लगेच ओळखला. मूठ गरगर फिरली. पन्नास. ऐंशी. शंभर.

"एकशे बारा!" ती ओरडली. "मामा, तुझंच खरं!"

पहारवाल्याने डोक्याचं फडकं काढून डोळ्यांना लावलं. "बायको म्हणत होती, एवढी चांगली जमीन आपल्याला कोण देतंय! आता सांगतो तिला."

भाची जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहायला लागली. पहिल्या तीन ओळींत तिने लिहिलं: 'दगड लागला, भोक रद्द.' मग मला म्हणाली, "अशा चार जागा अजून सापडल्या की झालं."

झाकली मूठ सव्वा लाखाची. मी गप्प बसलो असतो तर ती खूश, तिची आई खूश, उद्या साठ कुटुंबं पत्र्याखालून बाहेर. बोललो तर ती सगळी आणखी वर्षभर तरी तिथेच. पण ती जे लिहीत होती, ते शब्दन् शब्द माझे होते.

"खोडून टाक ते," मी म्हणालो.

"काय?"

"मी बारा भोकं पाडली होती. अकरा तव्यावर अडली. बारावं या खुंटाशेजारी. तेव्हा इथे झाड होतं, त्याच्या मुळाने तव्यातल्या भेगेतून खाली वाट काढली होती. मी अकरा रद्द केली आणि बारावं लिहिलं. वहीत उतरवताना ती अकरा घेतलीच नाहीत."

"का?"

"गिरमिट उतरलं नाही तर मोजायचं काय, असं आम्ही सगळेच म्हणायचो. आणि वरच्या साहेबांना खोल माती हवी होती. मला माहीत होतं, तरी लिहिलं."

ती काही बोलायच्या आत पहारवाला माझ्यासमोर आला. "साहेब, एक दिवस तोंड बंद ठेवा. उद्या वाटप होऊ द्या. तवा असेल तर मी फोडीन."

"फूटभर जाड आहे, आणि सगळ्या माळाखाली आहे."

"फोडीन म्हटलं ना!" त्याने पहिल्या भोकात पहार घातली आणि मारत सुटला. ठण्, ठण्, ठण्. आम्ही दोघं बघत राहिलो. दहा मिनिटांत त्याच्या हाती खपलीएवढा पांढरा तुकडा आला. तो पाय पसरून खाली बसला.

भाचीने तीन ओळी खोडून तिथे अडतीस, एकेचाळीस, छत्तीस लिहिलं. खुंटापुढे लिहिलं: 'भेग.' मग कोरा कागद काढला.

"तुम्ही असे किती नकाशे केलेत?" आयुष्यात पहिल्यांदा ती मला अहो-जाहो करत होती.

"सत्तावीस."

"माणसं किती ठिकाणी राहायला गेली?"

"एकोणीस."

"नावं सांगा."

मी पहिल्या वस्तीचं नाव सांगितलं. ते दोनदा सांगावं लागलं. पहारवाल्याने मान वर केली.

"तिथे माझी बहीण राहते," तो म्हणाला. "सगळी झाडं वाळली तिची. अजून म्हणते, माझ्या हातालाच गुण नाही."

भाचीने तेही लिहून घेतलं आणि दुसरं नाव विचारलं.